डिझेल इंजिनाचं चालतं लेगो मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गणपतीत आमच्या कळव्याच्या घरी मखराभोवती रूळ मांडतो आणि त्यावर ठोकळ्यांचं डिझेल इंजिन फिरत असतं. आरतीला आलेली मंडळी प्रसाद घेता घेता खाली वाकतात आणि मग प्रश्न सुरू होतात. दहा दिवस तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. ज्यांना स्वतः असं इंजिन डिझाइन करायचं आहे त्यांच्यासाठी हे आहे. तयार सेट जोडून बघायचा असेल तर त्यासोबत पुस्तिका येते, तिथं माझं काही काम नाही.

हे कुठलं इंजिन आहे?

डब्ल्यूडीएम-३ए. रेल्वेवेडे ज्याला नुसतं ‘अल्को’ म्हणतात त्या घराण्यातलं. मूळ इंजिन डब्ल्यूडीएम-२, अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचं, २६०० अश्वशक्तीचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. त्याचीच ताकद वाढवून ३१०० अश्वशक्तीचं ३ए झालं.

ठाणे-कल्याणच्या माणसाला डिझेलचं कौतुक कशाला, इथं तर सगळं विजेवर, असंही विचारतात. पण दिवा स्टेशनात सावंतवाडी पॅसेंजरला लागलेलं इंजिन ज्यानं पाहिलंय, पनवेलच्या फलाटावर उभं राहून ज्याच्या पायाखालची फरशी थरथरलीय, त्याला हे सांगावं लागत नाही. कोकण रेल्वेचं मुख्यालय आपल्या बेलापूरला, आणि त्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं ते २०२२ मध्ये. तोवर गणपतीला गावी जायचं म्हणजे डिझेलमागूनच जायचं.

पहिल्या मॉडेलसाठी अल्को निवडायला आणखी एक कारण आहे. त्याचं अंग चौकोनी आहे. लांब हूड (यंत्र झाकणारी पेटी), मधे केबिन, पुढे आखूड हूड, दोन्ही बाजूंना चालायची फळी. ठोकळ्यांना चौकोन आवडतो.

सुरुवात कुठून करायची? मी केबिनपासून करतोय.

थांबा. मीही तेच केलं होतं. तीन महिने खपून केबिन, काचा, हूडवरच्या जाळ्या, पायऱ्या, सगळं झकास केलं. इंजिन रुळावर ठेवलं, सरळ रुळावर ऐटीत गेलं आणि पहिल्याच वळणावर आडवं झालं. बोगी वळायला जागाच नव्हती, ती पायरीला अडत होती. पायरी काढली तर डिझेलच्या टाकीला अडायला लागली. टाकी कापली तर वरचा सांगाडा वाकला. शेवटी सगळं मोडून परत सुरुवात.

त्यामुळे क्रम उलटा ठेवा: आधी रूळ, मग चाकं, मग बोगी, मग सांगाडा आणि मोटर, आणि सगळ्यात शेवटी अंग. नुसता सांगाडा बोग्यांसकट दहा फेऱ्या न अडखळता मारतो की नाही ते बघा. तोवर केबिनला हात लावायचा नाही.

(बोगी म्हणजे इथं डबा नव्हे. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण रेल्वेवाल्यांच्या लेखी बोगी म्हणजे खालची वळणारी चाकगाडी. पुढे सगळीकडे तोच अर्थ.)

स्केल कसं ठरवलं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण यात आपल्या ब्रॉडगेजचा फायदा होतो.

लेगोच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण ३७.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. भागाकार केला की ४४.७ येतात, म्हणजे स्केल १:४५, खऱ्याच्या पंचेचाळिसावा भाग, धरायला हरकत नाही. युरोपातला गेज १४३५ चा, त्यामुळे तिथल्या लोकांना रुळावरून हिशेब केला तर १:३८ मिळतं आणि इंजिन अवाढव्य होतं. मग ते रूळ एका स्केलचे आणि अंग दुसऱ्या स्केलचं अशी तडजोड करतात. आपल्याला ती करावी लागत नाही.

आता ४५ नं भागा. इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे ३८० मिलिमीटर. एक स्टड (ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, त्यावरूनच माप मोजतात) ८ मिलिमीटरचा, म्हणून साडेसत्तेचाळीस स्टड. मी ४७ घेतले. रुंदी २.८६ मीटर, म्हणजे ६३.६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर ८ स्टड! हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा पुसून परत केला होता. उंची रुळापासून ४.१८ मीटर, म्हणजे ९३ मिलिमीटर. एक ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, तेव्हा पावणेदहा ठोकळे.

एकच गोष्ट जुळत नाही, ती म्हणजे चाक. खरं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं, ते २४ मिलिमीटर यायला हवं. लेगोचं नेहमीचं रेल्वेचं चाक १७ च्या आसपास आहे. मी ते तसंच ठेवलं आणि बोगीच्या बाजूच्या पट्ट्या थोड्या खाली उतरवल्या, म्हणजे चाकाचा वरचा भाग झाकला जातो आणि ते लहान आहे हे डोळ्याला कळत नाही.

घरात केवढी जागा लागेल?

लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. असे १६ तुकडे लावले की गोल पूर्ण होतो. मध्यरेषेचा व्यास ६४ सेंटिमीटर. पण तेवढी जागा मोजून मखर ठेवलंत तर इंजिन समईला धडकेल.

कारण लांब इंजिन वळणावर बाहेर झुकतं. माझ्या मॉडेलमध्ये दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर २६ स्टड आहे. वळणावर इंजिनाचं पोट २.२ स्टड आत जातं आणि दोन्ही टोकं जवळजवळ ५ स्टड, म्हणजे चार सेंटिमीटर, बाहेर फेकली जातात. त्यात अंगाची अर्धी रुंदी धरा. गोलाला निदान ८५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. वन बीएचकेत पलंगाखाली हे बसतं, आमचं वर्षभर तिथंच असतं.

याच हिशेबातून दोन गोष्टी आपोआप ठरतात. एक, बोगी दोन्ही बाजूंना १९ अंश वळली पाहिजे, म्हणजे तिचं टोक सव्वादोन स्टड इकडेतिकडे जाणार. तेवढ्या जागेत पायरी, टाकी, वायर, काहीही येता कामा नये. दोन, डब्याची जोडणी इंजिनाच्या अंगाला लावायची नाही. टोक पाच स्टड बाहेर आणि मागचा डबा आपल्या वाटेनं, मग डबा रुळावरून ओढला जाणारच. जोडणी बोगीला लावा. बफर दिसायला अंगाला ठेवा, पण ते नुसते शोभेचे.

तीन आसांची बोगी वळणावर अडकते. काय करू?

सरळ रेषेतले तीन आस (दोन चाकांना जोडणारे दांडे) गोल रुळावर बसवायचे म्हणजे मधल्यानं थोडं सरकायला हवं. पहिल्या आणि तिसऱ्या आसात १० स्टड अंतर असेल तर मधला अडीच मिलिमीटर बाजूला जायला हवा. लेगोच्या चाकात मुळात थोडी ढिलाई असते, पण एवढी नाही. मधला आस घट्ट न पकडता त्याला दोन्हीकडे सरकायला जागा ठेवा.

दुसरी चूक दिसत नाही, पण जास्त त्रास देते. ट्रेन मोटरला दोनच आस असतात, उरलेला बिनमोटरचा आस वजन घेतो. इंजिनाचा भार त्या फुकट फिरणाऱ्या चाकांवर गेला की मोटरची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी घसरतात. तो आस रुळावर नुसता टेकलेला असावा. खात्री करायची सोपी रीत: इंजिन रुळावर ठेवून त्या आसाखाली कागदाची चिठ्ठी सरकवा. ती अलगद ओढून काढता आली पाहिजे.

खऱ्या अल्कोच्या बोगीत तीन आसांमधली अंतरं सारखी नसतात. मॉडेलमध्ये तेवढं आणलंत तर जाणकार लगेच ओळखतात.

मोटर कुठली आणि कुठे बसवायची?

दोन रस्ते आहेत.

पहिला, तयार ट्रेन मोटर. दोन आसांची पेटीच असते, बोगीच्या जागी थेट बसते. दुसरा, लेगोच्याच टेक्निक मालिकेतली एल मोटर हूडमध्ये आडवी ठेवायची आणि दातेरी चाकांनी ताकद खाली बोगीपर्यंत न्यायची.

दुसरा रस्ता हुशारीचा वाटतो आणि मी त्यावर एक पावसाळा घालवलाय. हिशेब छान जमतो. एल मोटर भार नसताना मिनिटाला साधारण ३९० फेरे मारते. १७ मिलिमीटरच्या चाकाचा घेर ५३ मिलिमीटर. एकास एक जोडलं तर सेकंदाला ३५ सेंटिमीटर. स्केलनं गुणलं की ताशी ५६ किलोमीटर, कोकणातल्या पॅसेंजरला शोभेल असा वेग.

गोची उभ्या आसात आहे. मोटरची ताकद बोगीच्या वळायच्या खुंट्यातून खाली न्यावी लागते, आणि तो उभा आस फिरताना बोगीलाही आपल्याबरोबर पिळतो. स्क्रू घट्ट करताना लाकडाचा तुकडा हातात फिरतो ना, तसं. सरळ रुळावर काही कळत नाही. भार वाढला आणि वळण आलं की एका बाजूची चाकं रूळ चढतात. उपाय आहे: वेग कमी करणारी दातेरी जोडी वर न ठेवता उभ्या आसाच्या खाली, बोगीत ठेवा. म्हणजे उभा आस जोरात फिरतो पण त्यातला पीळ कमी राहतो. ८ आणि २४ दात्यांची जोडी बरोबर २ स्टड अंतरावर बसते, १२ आणि २० ची पण.

आता मी ट्रेन मोटरच वापरतो, दोन्ही बोग्यांत एकेक. एक तर काम सोपं. आणि खऱ्या इंजिनाला तेच जास्त धरून आहे. खऱ्यातही डिझेल थेट चाकं फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि ती वीज बोगीत प्रत्येक आसाला लावलेल्या मोटरकडे जाते. हूडमध्ये वीजघर, बोगीत मोटर. आपल्या मॉडेलमध्ये वीजघराच्या जागी सहा बारीक (एएए) सेल एवढाच फरक.

दोन मोटरी पाठीला पाठ लावून बसतात, त्यामुळे एक उलटी फिरवावी लागते. नाहीतर इंजिन जागच्या जागी गुरगुरतं आणि बघणाऱ्याला वाटतं बिघडलं.

वायरींचं काय? माझं इंजिन चालता चालता थांबतं.

वायर बोगीत अडकत असणार. मोटरची वायर बोगीबरोबर वळते, म्हणून ती वळायच्या खुंट्याच्या अगदी जवळून वर घ्या आणि वर एक सैल वेटोळं ठेवा. उरलेली वायर आखूड हूडमध्ये कोंबा, तिथं दुसरं काही नसतं. गुंडाळी करून टाकीवर दाबू नका. मी दाबली होती, वायरच स्प्रिंगसारखी बोगीला ढकलत होती आणि मी आठवडाभर चाकं तपासत बसलो होतो.

वायर ठीक असेल तर इंजिन उलटं करून आस बघा. आमच्याकडे सतरंजीवर रूळ मांडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चाकाच्या मागे, आस आत जातो त्या फटीत, लाल धागा आणि लांब केस गुंडाळून घट्ट कडं झालेलं असतं. त्यात उदबत्तीची राख मिसळते आणि ते कडं चिकट होतं. बारीक सुईनं एक टोक सोडवायचं आणि चिमट्यानं उलट्या दिशेनं ओढायचं. सर्रकन सगळं निघतं. मोटर गरम होऊन बंद पडायची दहापैकी सात वेळा तरी हेच कारण, असा माझा अनुभव.

बॅटरीची पेटी अंगात कशी बसवली?

पॉवर्ड अप हब, म्हणजे लेगोची रिमोटवर चालणारी बॅटरीची पेटी, ४ स्टड रुंद, ८ लांब. दोन्ही बाजूंना एकेक स्टडची भिंत धरली की हूड ६ स्टडचं होतं. अंग ८ चं, म्हणजे दोन्हीकडे एकेक स्टड चालायची फळी उरते. अल्कोची चण हीच. हबच्या मापानं इंजिन बनवलं असं वाटावं इतकं जुळतं.

हबचं हिरवं बटण वर येतं. त्यासाठी हूडचं छप्पर उचलावं लागू नये म्हणून छपरावरचा रेडिएटरचा पंखा मी एका आसावर मोकळा ठेवलाय. पंखा दाबला की बटण दाबलं जातं. लहान मुलांना हे सांगायचं नाही. सेल बदलायला मात्र छप्पर निघायला हवं, आणि ते चारच स्टडवर टेकलेलं असावं. वीस स्टडवर दाबून बसवलंत तर काढताना हातात छपराबरोबर निम्मं हूड येतं.

हूडच्या बाजूच्या जाळ्या आणि दरवाजे लावायला ठोकळे आडवे बसवावे लागतात, स्टड बाहेरच्या बाजूला करून. त्याचं गणित एकच लक्षात ठेवा: ५ प्लेटची (ठोकळ्याच्या एक तृतीयांश जाडीची चपटी पट्टी) जाडी म्हणजे २ स्टडची रुंदी, दोन्ही १६ मिलिमीटर.

साधे सेल की चार्जिंगचे?

चार्जिंगचे. सहा साधे सेल ९ व्होल्ट देतात, चार्जिंगचे ७.२. वेग थोडा पडतो, पण भाराखाली ते दमानं टिकतात. साधे सेल आरतीच्या वेळी नेमके मान टाकतात.

इंजिन डबे ओढत नाही, चाकं नुसती फिरतात.

वजन कमी पडतंय. खऱ्या डब्ल्यूडीएम-२ चं वजन ११२.८ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ४५ नं भागायच्या म्हणजे वजन ४५ च्या घनानं भागायचं. येतं १.२४ किलो. माझं मॉडेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९२० ग्रॅम भरलं. म्हणजे अजून एक मोठी वाटी साखरेएवढं वजन घालायला वाव आहे. ते मोटरच्या बरोबर वर घाला, मधे टाकीत नको.

चाकावरच्या रबरी कड्या झिजल्या असतील तर बदला. नळाच्या सामानाच्या दुकानात बारीक ओ-रिंग मिळतात. चाक खिशात घेऊनच जा, तोंडानं माप सांगून चालत नाही.

माझं इंजिन चार डबे आणि एक सपाट वाघीण (मालडबा) ओढतं. वाघिणीवर खेळण्यातला ट्रक असतो, कोलाड ते वेर्णा सुरू झालेल्या रो-रोची, म्हणजे भरलेले ट्रक रेल्वेवरून नेणाऱ्या सेवेची, आठवण म्हणून. गणपतीत ट्रक उतरवतो आणि पेढे ठेवतो.

ते हळूहळू वेग घेतं, ते कसं केलं?

याचं श्रेय आमच्या इमारतीतल्या एका काकांना. कल्याणच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले. पहिल्या वर्षी त्यांनी रिमोट हातात घेतला, बटण दाबलं, इंजिन बंदुकीतून सुटल्यासारखं पळालं. काका म्हणाले, “अरे, ह्याला नॉच कुठंयत? असं इंजिन चालवलंस तर मागचे डबे तुटून पडतील.”

नॉच म्हणजे ताकद वाढवायच्या पायऱ्या, खऱ्या अल्कोला आठ असतात. मी हबवर पायब्रिक्स हे मोफत सॉफ्टवेअर घातलं, त्यात आपला प्रोग्राम लिहिता येतो. तीस टक्क्यांच्या खाली मोटर भारासकट हलतच नाही, म्हणून पहिला नॉच ३० टक्के, दुसरा ४०, असं करत आठवा १००. अधिकचं बटण एकदा दाबलं की एक नॉच वर. आणि नॉच बदलला तरी ताकद लगेच उडी मारत नाही, दर दशांश सेकंदाला एक टक्का चढते. शून्यातून पहिला नॉच गाठायला तीन सेकंद जातात. लाल बटण म्हणजे तत्काळ थांबा. दुसरी मोटर उलटी फिरवायचंही याच प्रोग्राममध्ये एका ओळीत होतं.

पुढच्या वर्षी काकांनी पाचव्या नॉचपर्यंत नेलं, वळणाआधी दोन खाली घेतले आणि रिमोट नातवाला द्यायला नकार दिला.

आधी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं का?

अंग, हो. ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे ठोकळ्यांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात भाग मोजता येतात, रंग बदलून बघता येतात. पण बोगी हातातच करा. पडद्यावर घर्षण नसतं, गुरुत्वाकर्षण नसतं, सतरंजीचा धागाही नसतो. आणखी एक फसगत: पडद्यावर कुठलाही भाग कुठल्याही रंगात रंगवता येतो, प्रत्यक्षात तो त्या रंगात बनलेलाच नसतो. मागणी करण्याआधी तपासा.

सुटे भाग कुठून आणता?

थोडे जुन्या सेटमधून, थोडे ओळखीपाळखीत अदलाबदल करून, आणि नाइलाज झाला तर परदेशातून. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७०. माझं एक छोटं पाकीट सोडवायला आतल्या भागांच्या किमतीएवढेच पैसे मोजावे लागले, आणि त्यात चार भाग चुकीचे निघाले. दुकानदारानं उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. तेव्हापासून वर्षातून एकदाच, तीन-चार जणांची मिळून मागणी करतो.

नकली ठोकळे चालतील का? अंगाला चालतात. चाकं, आस आणि दातेरी चाकं मात्र चांगली घ्या.

रंग लाल आणि क्रीमच का?

मला आठवतं ते इंजिन तसं होतं. गडद लाल अंग आणि मधून क्रीम पट्टा. पट्टा एक ठोकळा उंच घ्या, दीड घ्यायचा मोह टाळा. दीडात भिंतीच्या आतले सगळे थर बदलावे लागतात.

धूर आणि आवाज?

धूर नाही. अल्कोचा काळा धूर प्रसिद्ध आहे हे मान्य, पण पडदा, कापूस आणि थर्मोकोल असलेल्या मखराशेजारी असले प्रयोग करायचे नाहीत. आवाजासाठी पहिल्या डब्यात छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवलाय आणि तो फोनवरून वाजतो. आरती सुरू झाली की आई आधी तो बंद करायला लावते.

मुलांना हात लावू देता का?

देतो. रिमोट पाच मिनिटं प्रत्येकी, रांगेत. इंजिन उचलायचं असेल तर दोन्ही हातांनी, सांगाड्याला धरून. केबिनला धरून उचललं की केबिन हातात आणि इंजिन फरशीवर, हे दोनदा झालंय. एकदा माझ्याच हातून.

विकणार का?

नाही. पण बोगीचा आराखडा हवा असेल तर चतुर्थीला संध्याकाळी सातच्या आरतीला या. इंजिन उलटं करून दाखवतो. येताना बारीक चिमटा घेऊन आलात तर बरं, माझा दर वर्षी कुणीतरी नेतं.